सेमिनारचं रेकॉर्डिंग आणि कापलेला प्रश्न

खडूची_भुकटी | गुरुवार, रात्री १०:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

मी ज्युनिअर कॉलेजला समाजशास्त्र शिकवते आणि शिक्षणशास्त्रातली माझी पीएचडी पाच वर्षं 'चालू आहे'. निगडीहून विद्यापीठ चौकापर्यंत रोज सव्वा तास जातो. (२०२० मध्ये पूल पाडला, मग मेट्रोचे खांब आले, आपण आहोत तिथेच.) या सव्वा तासात मी सेमिनारची रेकॉर्डिंगं ऐकते. शिक्षण, समाजशास्त्र, सरकारी धोरणं, जे मिळेल ते. विद्यापीठांनी लॉकडाऊनमध्ये सगळं यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली तेव्हापासूनची सवय.

तर झालं असं. पुण्यातल्याच एका कॉलेजच्या राज्यस्तरीय चर्चासत्राचं रेकॉर्डिंग लावलं. विषय कमी पटाच्या शाळा. आठवत असेल, २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून जास्त निघाल्या. नमुना म्हणून तोरणमाळ आणि आपल्या पानशेतचं नाव पुढे केलं होतं. पेपर वाचणाऱ्या मॅडमनी छान नकाशे केले होते, कुठली वाडी शाळेपासून किती किलोमीटर, सगळं रंगवून. मी बसमध्ये उभी राहून स्लाइड बघत होते.

शेवटी प्रश्नांना सुरुवात झाली. मागून एका माणसाचा आवाज, लांबून, अस्पष्ट. "मॅडम, तुमच्या नकाशात हे अंतर सरळ रेषेत मोजलंय का? कारण आमच्याकडे मधे पाणी..."

आणि कट. डायरेक्ट आभारप्रदर्शन. त्यात चहा देणाऱ्या मावशींपासून सगळ्यांची नावं.

मला अक्षरशः बसमधून उतरावंसं वाटलं. दीड तासाच्या व्हिडिओत सुरुवातीची अडतीस मिनिटं (मोजली आहेत) सरस्वतीपूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि 'ज्यांच्या परिचयाची गरज नाही' अशा पाहुण्यांचा सविस्तर परिचय. ते सगळं जसंच्या तसं ठेवलंय. कापला तो नेमका त्या माणसाचा प्रश्न, ज्यावर सगळा पेपर उभा राहतो किंवा पडतो.

हे नेहमीच होतं का? कोण कापतं? कशासाठी? आणि तुम्ही अशी रेकॉर्डिंगं ऐकत असाल तर कशी ऐकता?

---

तिरपागडा | गुरुवार, रात्री ११:०२

ताई, भोळ्या आहात. रेकॉर्डिंग तुमच्यासाठी नसतंच, ते कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकसाठी असतं. फाइलला जिओटॅग फोटो, हजेरीपत्रक, आणि हल्ली व्हिडिओची लिंक. समिती येते, लिंकवर क्लिक होतं, दीपप्रज्वलन दिसतं, खूण झाली. समितीतल्या कोणी पंचेचाळिसाव्या मिनिटाला पोचल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे दीपप्रज्वलन पवित्र आणि प्रश्न फालतू.

माझे स्वतःचे अकरा पेपर अशा चर्चासत्रांत 'वाचून' झालेत. प्रत्येकी सात मिनिटं, समोर पुढच्या सत्राचे वाचक. प्रश्न एकदाच आला होता: "सर, सर्टिफिकेट कुठे मिळेल?"

---

मीनल_०७ | गुरुवार, रात्री ११:१५

सेटचा (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा) अभ्यास करतेय, म्हणून भीत भीत लिहिते. मी अशी लेक्चर्स लावते पण वीस मिनिटांनी डोक्यावरून जातं. इंग्रजीतली तर जास्तच. आणि खाली आपोआप येणाऱ्या सबटायटलांनी एकदा 'अंगणवाडी'चं 'अँग्री बडी' केलं. पूर्ण तासभर रागावलेले मित्र बालकांना पोषण आहार देत होते. 🙈

---

वायर_गुंडाळणारा | शुक्रवार, सकाळी ७:२०

खडूताई, 'कोण कापतं' याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी कापतो. म्हणजे तुमचं ते रेकॉर्डिंग आमच्या कॉलेजचं नसावं, पण गेली बारा वर्षं एका कॉलेजच्या हॉलची साउंड सिस्टिम आणि कॅमेरा माझ्याकडे आहे.

मुद्दाम कोणी कापत नाही. होतं काय ते सांगतो. वक्त्याच्या कॉलरला लावतो तो लेपल माईक, त्याचा आवाज सरळ कॅमेऱ्यात. प्रश्नासाठी फिरवतो तो कॉर्डलेस, तो जातो हॉलच्या अँप्लिफायरला. त्याची वायर कॅमेऱ्यापर्यंत ओढलेली नाही. आठ वर्षं मागणी अर्ज देतोय. म्हणजे हॉलमध्ये बसलेल्याला प्रश्न खणखणीत ऐकू येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तोच माणूस विहिरीत बसून बोलल्यासारखा. त्यात निम्मे लोक माईक हातात घेऊन म्हणतात "माझा आवाज मोठा आहे, माईक नको" आणि बाजूला ठेवतात. या वाक्याने माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं उंदरांनी वायर कुरतडूनही केलं नाही.

दुसरं. आमचा डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप बंद होतो. बिघाड नाही, कंपनीनेच तसं ठेवलंय. युरोपात अर्ध्या तासाच्या वर रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याला जादा आयात शुल्क लागायचं, ते चुकवायला ही मर्यादा. ब्रुसेल्सच्या करासाठी पुण्यातला प्रश्न मरतो. दर अर्ध्या तासाने जाऊन परत बटण दाबायचं. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी कुठे असतो? चहाचं टेबल लावायला. मनुष्यबळ: एक.

मग एडिटिंगला बसलं की शेवटची पंधरा मिनिटं न ऐकू येणारी, मधेच तुटलेली. सर म्हणतात "ते काढून टाक, आभार जोड." आभार काढले तर माझी नोकरी जाईल.

---

खडूची_भुकटी | शुक्रवार, सकाळी ८:०५

वायरदादा, रागच निघून गेला माझा. अर्धा. मूळ फुटेज कुणी ठेवतं का?

---

वायर_गुंडाळणारा | शुक्रवार, सकाळी ८:३१

कार्ड एकच असतं हो. चर्चासत्र शनिवारी झालं असेल तर सोमवारी त्यावर गॅदरिंग.

---

पेठकर_काका | शुक्रवार, दुपारी १२:१०

हा रोग कॅमेऱ्याच्या आधीपासूनचा आहे. आमच्या पुण्याला भाषणं जपून ठेवायची हौस जुनी, पण जपलं ते बोलणाऱ्याचं. विचारणाऱ्याचं नाही.

गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० सालची. साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने काढली, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. त्या काळ्यांच्या नावाने तिथे व्याख्यान होतं. २९ जानेवारी १९३९ ला ते डॉ. आंबेडकरांनी दिलं, विषय संघराज्य की स्वातंत्र्य, म्हणजे १९३५ च्या कायद्यातल्या फेडरेशनची चिरफाड. छापील रूपात ते आजही मिळतं, मी दोनदा वाचलंय. कलमामागून कलम, संस्थानिकांच्या जागा, आकडे. पण समोरच्यांपैकी कोणाच्या कपाळाला आठी पडली, दाराशी जाताना कोणी काय विचारलं, ते गेलं वाऱ्यावर.

उलट संविधानसभेचा वृत्तांत काढून बघा. मधेच कोणी बोललं तरी नोंद, हशा झाला तरी नोंद. तिथे लघुलेखक बसवले होते, कारण अडवणं हा कामाचा भाग मानला होता. आपल्या सभागृहांत अडवणं हा अपमान मानतात. कॅमेरा महाग की स्वस्त, हा नंतरचा मुद्दा.

अवांतर: 'परिचयाची गरज नाही' म्हणून पंधरा मिनिटं परिचय करून देण्याची पद्धत मात्र आमच्या पेठांचीच देणगी असावी. क्षमस्व.

---

तिरपागडा | शुक्रवार, दुपारी १२:४४

काका, १९३९ चं काय घेऊन बसलात. तेव्हा बोलणारे आंबेडकर होते. आता बोलणारे आम्ही. प्रश्न कापला म्हणून देशाचं काय बिघडलं?

---

संख्याशास्त्री_नव्हे | शुक्रवार, दुपारी ३:२०

तिरपागडा, बिघडतं. मी एका संशोधन प्रकल्पावर काम करते आणि माझं निम्मं शिक्षण अशा रेकॉर्डिंगमधल्या प्रश्नांवर झालंय. एक उदाहरण देते. मीनल, तूही वाच, सेटला उपयोगी आहे.

बिहारमध्ये २००६ ला नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये द्यायला लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला. २०१७ ला तो छापून आला, पण त्याआधी कित्येक वर्षं ते तो ठिकठिकाणी मांडत होते. निष्कर्ष असा की माध्यमिक शाळेत मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी हे अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं.

आता मागच्या बाकावरचा माणूस काय विचारणार? "अहो, त्या वर्षांत बिहारमध्ये रस्ते झाले, कायदा-सुव्यवस्था सुधारली. सायकलीनेच झालं कशावरून?" बरोबर शंका. म्हणून त्यांनी मुलींची तुलना बिहारच्याच मुलग्यांशी केली. रस्ते सुधारले तर मुलग्यांनाही फायदा व्हायला हवा ना. मग पुढची शंका: मुलींचं शिक्षण तसंही सगळीकडे वाढत होतं. त्यासाठी शेजारचं झारखंड घेतलं, नोव्हेंबर २००० पर्यंत ते बिहारच होतं आणि तिथे ही योजना नव्हती. बिहारमध्ये मुलगे-मुलींतला फरक किती बदलला, त्यातून झारखंडमधला तोच बदल वजा. कागदावर याला 'ट्रिपल डिफरन्स' असं भारदस्त नाव आहे. मुळात ती शंकेखोरांना दिलेली उत्तरं आहेत.

आणि सगळ्यात पटणारी गोष्ट अंतराची. माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त दिसला. सायकलचं काम असेल तर असंच दिसायला हवं. नुसते पैसे मिळाल्याचा आनंद असता तर जवळच्या गावांतही तेवढाच दिसला असता.

छापील पेपरमध्ये हे सगळं आधीच गुळगुळीत झालेलं असतं. जणू लेखकांना पहिल्या दिवसापासून सुचलं होतं. अर्थशास्त्राच्या सेमिनारांत दुसऱ्या स्लाइडलाच लोक अडवतात, तिथे कळतं कुठे खाचखळगे होते.

---

मीनल_०७ | शुक्रवार, दुपारी ३:५८

वाचनखूण साठवली! हे कोणी वर्गात असं सांगितलं असतं तर. एक विचारू? टेबलात '०.२८ स्टँडर्ड डेव्हिएशन' असं लिहितात ते वाचून नक्की काय समजायचं?

---

संख्याशास्त्री_नव्हे | शुक्रवार, सायंकाळी ५:१०

हा आकडा तू बहुतेक बालसखीच्या अभ्यासात पाहिलास. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा, मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांमधला. वस्तीतलीच एक तरुणी, ती बालसखी. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना ती रोज दोन तास वेगळं बसवून अक्षरं-बेरीज घ्यायची. दुसऱ्या वर्षाअखेर परिणाम ०.२८.

असं समज. शंभर मुलं गुणांच्या चढत्या क्रमाने उभी केली. बरोबर मधलं, पन्नासावं मूल घे. ०.२८ म्हणजे बाकीची होती तिथेच राहिली तर ते साधारण एकसष्टाव्या जागी सरकलं. छोटं वाटतं, पण शिक्षणातल्या प्रयोगांत हे चांगलंच मोठं आहे. सर्वांत मागच्या मुलांना जास्त फायदा झाला, ते तर फारच क्वचित बघायला मिळतं.

आता गंमत बघ. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने परत मोजलं तेव्हा तो ०.१ च्या आसपास उतरला होता, म्हणजे चोपन्नावी जागा. 'वर्ष उलटल्यावर काय राहिलं?' हा प्रश्न विचारायला संख्याशास्त्र लागत नाही. तो कुठल्याही आईला सुचतो.

ऐकायची माझी पद्धत, खडूताईंनी विचारलं म्हणून: आधी शेवटची वीस मिनिटं ऐकते. लोक कशावर अडले ते कळलं की मग सुरुवातीपासून, दीडपट वेगाने. टेबल आलं की थांबवते आणि चांदण्या मोजत नाही. (आकड्यापुढच्या त्या फुल्या. त्या एवढंच सांगतात की खरा परिणाम शून्य असता तर निव्वळ योगायोगाने एवढा आकडा येण्याची शक्यता कमी आहे. परिणाम मोठा आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. अर्धे वक्तेही हे विसरतात.)

---

डोंगरमास्तर | शुक्रवार, रात्री ९:३०

रेंज आज मिळाली, म्हणून उशिरा. मी वेल्ह्यात, आता राजगड तालुका म्हणायचं, झेडपीच्या शाळेवर आहे. द्विशिक्षकी, पट चौदा.

तो कापलेला प्रश्न मी विचारलेला नाही, पण मी विचारू शकलो असतो. माझ्या शाळेतून समोरचं गाव दिसतं. तिथे लग्न असलं की बेंजो ऐकू येतो. नकाशावर पट्टी लावलीत तर किलोमीटरभर. मधे धरणाचं पाणी. रस्त्याने जायचं तर पाण्याला पूर्ण वळसा, नऊ किलोमीटर, आणि त्यातला दोन किलोमीटरचा टप्पा पावसाळ्यात दरड आली की बंद. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळातून पायवाट निघते, म्हणजे मे महिन्यात, शाळेला सुट्टी असते तेव्हा, अंतर सर्वांत कमी.

पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवी तीन किलोमीटर, असा नियम आहे. कुठलं किलोमीटर, एवढं विचारलं की सगळे गप्प. समूह शाळेत न्यायला गाडी येणार म्हणतात. कुठलीही गाडी आमच्या उतारावर जूनमध्ये घालून दाखवा. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, चांगली योजना आहे, माझ्या दोन मुली त्यावर हायस्कूलला जातात. पण एसटी सकाळी सव्वासहाला आणि शाळा साडेदहाला. चार तास त्या स्टँडवर काय करतात, ते मोजणारा अजून मला भेटला नाही.

संख्याशास्त्री ताईंचं सायकलीचं ऐकून बरं वाटलं. बिहार सपाट आहे. आमच्याकडे सायकल जाताना मुलीला नेते, येताना मुलगी सायकलला आणते.

---

तिरपागडा | शुक्रवार, रात्री ९:५२

शेवटच्या वाक्यासाठी साष्टांग. मास्तर, मी माझे आधीचे शब्द मागे घेतो. (पहिला प्रतिसाद सोडून. नॅकचं खरंच आहे.)

---

पेठकर_काका | शुक्रवार, रात्री १०:१५

मास्तरांनी 'कुठलं किलोमीटर' म्हटलं आणि आठवलं. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेले २५ टक्के प्रवेश. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ते प्रवेश बंधनकारक नाहीत. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. माझ्या नातवाच्या वर्गातली दोन मुलं तेवढे महिने अधांतरी होती. तेव्हाही शेजारच्या सोसायटीत भांडण हेच: गेटपासून मोजायचं की घरापासून?

तसंच १९७१ साली दांडेकर-रथांनी दारिद्र्यावर लिहिलं. रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च म्हणजे रेषा, १९६०-६१ च्या किमतीने खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७०. ते दोघेही याच गोखले संस्थेतले. त्यावर पुढची कित्येक वर्षं 'कुठले उष्मांक, कोणाच्या ताटातले' म्हणून वाद झाला. त्या वादातला बराचसा छापला गेला म्हणून आज आपल्याला माहीत आहे. पट्टी कुठे लावलीत, हे विचारणारा माणूस लागतोच.

---

वायर_गुंडाळणारा | शनिवार, सकाळी ११:०५

रात्री मास्तरांचं वाचलं. आज सुट्टी होती तरी कॉलेजला गेलो. अँप्लिफायरच्या मागे 'रेकॉर्ड आउट' म्हणून भोक आहे, ते मला माहीत होतं, वायर नव्हती. अप्पा बळवंत चौकातून पासोड्या विठोबाकडे जाताना इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी केली, पंधरा मीटर वायर आणि दोन पिना, साडेचारशे रुपये. स्वतःच्या खिशातून आणली. बिल कोणाला दाखवणार नाही, नाहीतर तीन कोटेशनं मागतील. आता कॉर्डलेसचा आवाज एका जुन्या मोबाइलमध्ये सलग भरतो, तो अर्ध्या तासाने थांबत नाही. एडिटिंगला जोडून घेईन.

"माझा आवाज मोठा आहे" वाल्यांवर मात्र उपाय नाही.

---

मीनल_०७ | शनिवार, सकाळी ११:२०

वायरकाका +१०० !!

---

खडूची_भुकटी | रविवार, सकाळी ९:४०

सगळ्यांचे आभार. (आभार कापणार नाही, काळजी नसावी.)

एक अपडेट. काल संध्याकाळी धीर करून त्या पेपरवाल्या मॅडमना ईमेल टाकला. वाटलं होतं उत्तर येणार नाही. रात्री अकराला आलं, मोठं. अंतर सरळ रेषेतच मोजलं होतं, सॉफ्टवेअर तसंच देतं. त्या दिवशी तो प्रश्न ऐकून त्या अडखळल्या, "पुढच्या टप्प्यात बघू" असं काहीसं म्हणाल्या, आणि तेवढ्यात अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. नंतर घरी येऊन त्यांनी पानशेतच्या बाजूच्या बारा वाड्यांची अंतरं रस्त्याने मोजली. सात वाड्यांचा नकाशातला रंग बदलला. पेपर त्यांनी जर्नलकडून परत मागवून घेतलाय, दुरुस्त करताहेत.

आणि त्यांना तो माणूस हवाय. नाव माहीत नाही. चहाच्या वेळी शोधला, तो निघून गेला होता, बहुधा शेवटची एसटी गाठायला. हजेरीपत्रकावर सही आहे, पण ती लागत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तरी आवाज असेल म्हणून त्यांनी आयोजकांकडे मूळ फुटेज मागितलं. त्यावर आता गॅदरिंग आहे.

---

डोंगरमास्तर | रविवार, रात्री ८:१०

बुधवारी आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आहे, तिन्ही बाजूंचे शिक्षक येतात. पाण्यापलीकडचे दोघे-तिघे पुण्याला चर्चासत्रांना जातात, त्यांतलाच कोणी असेल. विचारून सांगतो. मॅडमना म्हणावं बारा वाड्यांवर थांबू नका, आणखी पाच आहेत, त्यांची नावं नकाशावर नाहीत. मी लिहून पाठवतो.